तीन वेळा बुडवलेला बगळा

११ जानेवारी

दादा,

वाकून नमस्कार, आणि वाकलेच आहे तर एक काम सांगते. फोनवर तू नेहमी "दुकानात गिऱ्हाईक उभं आहे" म्हणतोस, म्हणून पत्र.

बाबा गेल्यावर तू पाठवलेलं बगळ्याचं जुनं चांदीचं नाणं मी वर्षभर कपाटात कपड्यांच्या खाली ठेवलं होतं. काढून बघायची हिंमत नव्हती. परवा काढलं. ज्या मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटात तू ते ठेवलं होतंस, ते नाण्याला चिकटून बसलं होतं. सोडवलं तर बगळ्याच्या मानेवर आणि कडेच्या अक्षरांवर हिरवट चिकट थर. बोट लावलं की ताणला जातो. मी लगेच हात मागे घेतला. माझ्या हातांचा इतिहास तुला माहीत आहे.

काढायचं कारण असं. माझ्या पार्लरमध्ये एक बाई नखं कापून घ्यायला येतात. रंग नको, आकार नको, फक्त आखूड हवीत. एवढी चांगली बोटं आणि काही करू देत नाहीत म्हणून मी कुरकुर केली, तेव्हा कळलं की त्या इथल्या संग्रहालयात जुन्या वस्तू स्वच्छ करतात. बोलता बोलता बाबांचा विषय निघाला. एप्रिलमध्ये त्यांच्याकडे घरोघरच्या संग्राहकांच्या नाण्यांचं प्रदर्शन आहे. प्रत्येक नाण्याशेजारी कार्ड आणि कार्डावर संग्राहकाचं नाव. मी पटकन बोलून गेले की आमच्या बाबांचा बगळा देते. दादा, बाबांनी चाळीस वर्षं नाणी जमवली आणि त्यांचं नाव लाइटच्या बिलाशिवाय कुठे छापून आलं नाही. ते एकदा काचेमागे दिसावं एवढंच मला हवं आहे. आणि खरं सांगू का, ज्या नाण्याची मी वाट लावली त्याच नाण्यामुळे त्यांचं नाव लागलं, तर माझ्या छातीवरचा दगड थोडा हलेल.

तर हा हिरवा थर कसा काढू? बाबा ॲसिटोन वापरायचे. तो वास मला अजून आठवतो. म्हणायचे, ॲसिटोन धातूला हात लावत नाही, नको ते पाहुणे तेवढे हाकलतो. पण मी जे केलं त्यानंतर या वाक्यावर विश्वास कसा ठेवू? चार वर्षांपूर्वी आईच्या मोतीबिंदूच्या वेळी मी आले होते. बाबांची बाटली रिकामी होती, आणि मी दीडशहाणीने त्यांना खूश करायला माझ्या पेटीतलं नेलपॉलिश रिमूव्हर वाटीत ओतून बगळा त्यात बुडवला. शंभर वर्षांचा काळेपणा पाच मिनिटांत कापसावर आला. मी रडत जाऊन बाबांना सांगितलं. त्यांनी नाणं खिडकीशी नेलं, भिंगातून बराच वेळ पाहिलं, आणि "ठेव तिथे" एवढंच म्हणाले. त्यानंतर मला नाण्यांच्या टेबलापाशी त्यांनी कधी बोलावलं नाही.

म्हणून तुला विचारते आहे. तुझ्या परवानगीशिवाय झाकणसुद्धा उघडणार नाही.

तुझी
चिमी


१९ जानेवारी

चिमे,

आशीर्वाद. वाकलीस ते बरं केलंस, आता तशीच थांब आणि नाण्याला हात लावू नकोस.

टूथपेस्ट नाही, लिंबू नाही, भांड्याची पावडर नाही, हे तुला सांगायला नको. कशानेही घासायचं नाही. घासलं की रेघ उमटते आणि ती रेघ मग कोणाच्या बापाला पुसता येत नाही. पण ॲसिटोनसुद्धा नाही. बाबांचं ते पाहुण्यांचं वाक्य तांब्याच्या नाण्यांसाठी होतं. चांदीवरचा जुना काळेपणा ॲसिटोनने जातो असं ते स्वतः मला म्हणाले होते, आणि तू तर ते डोळ्यांनी बघितलं आहेस. त्यात ते रॉकेलपेक्षा लवकर पेटतं. तुझ्या पार्लरमध्ये वाफारा यंत्र, केस वाळवायची यंत्रं, आणि तुला दमा. एका नाण्यापायी पार्लर जाळून घेऊ नकोस.

सोपा उपाय सांगतो. नाणं कागदात गुंडाळून माझ्याकडे परत पाठव. मी दुकानात भिंगाखाली लाकडी काडीने हिरवं तेवढं उचलतो. आपलं आयुष्य घड्याळाच्या चाकांमधली घाण उचलण्यातच गेलं आहे. प्रदर्शनाच्या आधी परत मिळेल.

आणि मनाला लावून घेऊ नकोस. सगळ्या नातेवाइकांत तुझं नाव रिमूव्हरबाई पडलं आहे ते आम्ही प्रेमाने म्हणतो. बाबांनी तुला मनातून माफ केलं होतं याची मला खात्री आहे. मी तर कधी मनात ठेवलंच नाही.

आई बरी आहे. बाबांचं टेबल मी दुकानात आणलं. एक गिऱ्हाईक भिंतीवरचं घड्याळ ठेवून गेलं आहे, दर तासाला तेरा ठोके देतं. आईला ऐकायला घेऊन आलो तर म्हणाली, दुरुस्त करू नकोस, एक तास जास्त मिळतो.

दादा


२७ जानेवारी

दादा,

तुझं पत्र वाचून पार्लरच्या मागच्या खोलीत पाच मिनिटं बसून रडले. चार वर्षांत तू मला एका शब्दाने टोचलं नाहीस. बाकीच्यांनी चेष्टा केली, तू पुढे होऊन ती हसण्यावारी नेलीस. आपल्या घरात माझ्या बाजूचं एक माणूस आहे एवढं मला पुरेसं आहे.

पण संग्रहालयातल्या बाईंना तुझा सल्ला सांगितला तर त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. त्या म्हणाल्या की मऊ प्लॅस्टिकमधून जो चिकट घाम सुटतो तो चांदीला हळूहळू खातो, काडीने तो वरवर निघेल पण अक्षरांच्या खाचांत राहील. त्याला शुद्ध ॲसिटोनच लागतं. मी म्हटलं, आमचा दादा घड्याळवाला आहे, त्याला यातलं कळतं. चांगल्या बाई आहेत, वाद घालत नाहीत.

त्यांना बाबांची चिठ्ठी मात्र हवी आहे. तुला आठवतं ना, प्रत्येक नाण्याबरोबर खाकी कागदाची चौकोनी चिठ्ठी असायची. कधी बुडवलं, कशात बुडवलं, किती वेळा, काय निघालं, काय निघालं नाही. स्वतःची चूकसुद्धा लिहायचे. "आज हातातून पडलं, कडेला ठोकर, चूक माझी." माणूस घरात आईशीही थापा मारायचा, पण चिठ्ठीवर कधी खोटं लिहिलं नाही. बगळ्याची चिठ्ठी मला पाकिटात मिळाली नाही. टेबलाच्या खणात बघशील का? कार्डाशेजारी ठेवायची असं बाई म्हणतात. बाबांचं अक्षरही दिसेल.

चिमी


२ फेब्रुवारी

चिमे,

चिठ्ठी नाही. टेबल हलवताना खणातलं बरंच काही गेलं, त्यात गेली असेल. खण दोनदा उलटा केला.

त्या बाईंना सांग की नाण्याला हात लावायचा नाही. त्यांच्याकडे पदव्या असतील, पण हे बाबांचं नाणं आहे, सरकारी मडकं नाही. पोस्टाचाही भरवसा नको. पुढच्या रविवारी, दहा तारखेला, मी स्वतः येतो आणि घेऊन जातो. दुपारी जेवायलाच येईन.

तोवर कोणी काही सांगितलं तरी ऐकायचं नाही. माझ्यासाठी एवढं ऐक.

दादा


१४ फेब्रुवारी

दादा,

रविवारी मी दोन वाजेपर्यंत जेवायची थांबले. चार वाजता तुझा निरोप आला की गुडघा धरला आहे, पुढच्या रविवारी बघू. सोमवारी त्या बाई नखं कापायला आल्या, नाणं बघितलं, आणि म्हणाल्या की एका आठवड्यात हिरवा डाग रुंद झालेला तुम्हालाही दिसतो आहे. दिसत होताच. मी तुझं ऐकलं नाही. मंगळवारी पार्लर बंद असतं, नाणं घेऊन त्यांच्या कामाच्या खोलीत गेले.

सगळं सांगते, कारण तू चुकीच्या पद्धतीला दोष देशील. खिडकी सताड उघडी, हवा बाहेर ओढणारा पंखा चालू, खोलीत शेगडी नाही, ठिणगी नाही. हातात रबरी मोजे, तोंडावर मुसकं. काचेच्या तीन वाट्या, काचेचीच झाकणं. प्लॅस्टिक काही नाही, कारण ॲसिटोन प्लॅस्टिक विरघळवतं आणि मग तेच नाण्यावर बसतं. नाणं कडेने धरून पहिल्या वाटीत ठेवलं, झाकण लावलं, वीस मिनिटं कोणी हात लावला नाही. पहिली वाटी हिरवट झाली. मला हायसं वाटलं. दुसऱ्या वाटीत ठेवलं आणि पाच मिनिटांत ती चहासारखी झाली, मग काळी. मी बाईंचा हात धरला. चार वर्षांपूर्वीचा कापूसच माझ्या डोळ्यांपुढे आला. मी म्हटलं, काढा, माझ्या हातून पुन्हा तेच झालं.

त्या म्हणाल्या, "घाबरू नका. चांदीचा स्वतःचा काळेपणा ॲसिटोनने जात नाही. जे जातं आहे ते कोणीतरी वरून लावलेलं आहे."

तिसरी वाटी स्वच्छ राहिली. नाणं मऊ कागदावर ठेवलं, पुसलं नाही, आपोआप वाळलं. मग त्यांनी मला सूक्ष्मदर्शकातून बघायला लावलं. दादा, बगळ्याला पिसं नाहीत. पंखाची जागा गुळगुळीत आहे, आणि सगळीकडे एकाच वळणाच्या बारीक रेघा, जशा पॉलिशच्या फिरत्या चाकावर धरल्यावर येतात. पंख आणि अक्षरं यांच्या मधल्या खाचेत लालसर काहीतरी अडकलं होतं. बाई म्हणाल्या, हे चकाकी आणायचं लाल पॉलिश, सोनार वापरतात, घड्याळवाले वापरतात. माझं तोंड बघून त्यांनी पुढे काही विचारलं नाही.

मग मीच त्यांना रिमूव्हरबद्दल विचारलं. चार वर्षांत कोणालाच विचारायची लाज वाटली होती. त्या म्हणाल्या, रिमूव्हरमध्ये तेल, रंग, सुगंध असतो, नाण्यावर तेलकट पडदा बसतो, म्हणून ते वापरू नये. पण त्याने चांदीवरची एक रेघही हलत नाही. म्हणजे त्या दिवशी माझ्या कापसावर आला तो काळेपणा शंभर वर्षांचा नव्हता. तो रंगाच्या डबीतला होता, आणि डबी तुझ्या दुकानातली होती.

मी रडत होते तेव्हा तू दारात उभा होतास. हात फडक्याला पुसत होतास. "झालं ते झालं, बाबांना मी समजावतो" म्हणालास. काय समजावलंस? नंतर तूच नाणं घेऊन गेलास आणि पुन्हा काळं करून आणलंस, आणि सगळ्यांनी म्हटलं, बघा, दादाने सावरलं. मावसबहिणीच्या लग्नात माझी ओळख रिमूव्हरबाई म्हणून करून दिलीस आणि मी हसले. बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा मी दर आठवड्याला विचारायचे की येऊ का, आणि तू कळवायचास, आता नको, तुला बघून त्यांना त्रास होईल. म्हणून मी आले नाही. मी आले ती थेट शेवटच्या दिवशी, तेव्हा ते डोळे उघडत नव्हते.

मागच्या पत्रात मी लिहिलं की आपल्या घरात माझ्या बाजूचं एक माणूस आहे. ते वाक्य वाचताना तुला काय वाटलं ते मला खरंच जाणून घ्यायचं आहे.

चिमी


१ मार्च

चिमे,

पंधरा दिवस तुझं पत्र खणात ठेवून दुकान चालवलं. एका गिऱ्हाइकाच्या घड्याळाचे काटे उलटे बसवले, तो म्हणाला, तुमची तब्येत बरी नाही का.

बाबांची सत्तरी येत होती. मला वाटलं, बगळा चौकटीत बसवून द्यावा. माझ्याकडे घड्याळं येतात ती मळकी, ओरखडलेली, आणि जाताना चकचकीत होऊन जातात. गिऱ्हाईक आपलंच घड्याळ ओळखत नाही, हसतं. त्या हसण्यावर माझं घर चालतं. माझ्या हाताला दुसरं काही येतच नाही, मळकं दिसलं की चाकावर धरायचं. मी बाबांना न विचारता बगळा नेला आणि चाकावर धरला. दहा सेकंद. आरशासारखा झाला आणि त्याच क्षणी मला कळलं की मेला. घड्याळाच्या काट्यांना लावायचा काळा लाखरंग पातळ करून त्यावर फिरवला आणि गुपचूप जागेवर ठेवला. बाबांची नजर कमी झाली होती, त्यांनी ओळखलं नाही.

महिन्याने तू आलीस आणि तुझी ती वाटी. वाटलं, आता पकडला जाणार. पण तू धावत जाऊन कबूल केलंस. मी काहीच बोललो नाही. मी खोटं बोललो नाही एवढं तरी मान. मला वाटलं, तू लाडकी आहेस, तुझ्यावरचा राग आठ दिवसांत उतरेल. माझ्यावरचा उतरला नसता. लहानपणापासून टेबलापाशी स्टूल तुझं असायचं. मला ते "चाकवाला" म्हणायचे, सगळ्यांसमोर. पण राग उतरला नाही, आणि जितके दिवस गेले तितकं बोलणं अवघड झालं. बाबांच्या आजारपणात तू आली असतीस तर विषय निघाला असता. म्हणून येऊ दिलं नाही. हे लिहिताना लाज वाटते.

एक विनंती आहे. आईला सांगू नकोस. तिचं काळीज तोळामासा आहे. बाबा गेले, आता खरं कळून कोणाचं भलं होणार आहे?

दादा


६ मार्च

दादा,

"खोटं बोललो नाही" हे वाक्य पुन्हा लिहिलंस तर पत्र न उघडता परत पाठवीन.

कोणाचं भलं होणार ते सांगते. मी फोन केला की आई दर वेळी म्हणते, "झालं ते विसर गं, माझ्या मनात काही नाही." चार वर्षं मी त्या वाक्याला "हो आई" म्हणते आहे. बाबांना तर आता सांगता येत नाही. ते मला नाणं खाणारी मुलगी समजूनच गेले. आई अजून आहे. आपल्या घरातल्या एका माणसाने तरी, मी जिवंत असताना, माझ्याकडे बघताना ते नाणं बघू नये.

तू सांगायचं, तुझ्या तोंडाने, तिच्यासमोर बसून. वीस तारखेपर्यंत. नाहीतर मी येते आणि तुझ्यासमोर सांगते.

चिमी


२४ मार्च

माझ्या चिमीला,

आईचा आशीर्वाद. अक्षर वाकडंतिकडं आलं आहे, सांभाळून घे.

दादा वीस तारखेला दुपारी दुकान बंद करून घरी आला आणि माझ्या पायाशी बसला. सगळं सांगितलं. लहान मुलासारखा रडला. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हटलं, मला माहीत आहे. तो माझ्याकडे बघतच राहिला. आता तूही तशीच बघशील म्हणून पत्र लिहिते आहे, समोर सांगायचा धीर नाही.

बाबांना त्याच दुपारी कळलं होतं. तू नाणं दिलंस, त्यांनी भिंगातून पाहिलं, तेव्हाच त्यांना चाकाच्या रेघा दिसल्या. नजर कमी झाली होती खरी, पण नाणं त्यांना बोटांनी दिसायचं. संध्याकाळी मला सांगितलं. मी म्हटलं, अहो मग पोरीला बोलवा, ती आत रडते आहे. तेव्हा त्यांचे पाय जायला लागले होते, तुला आम्ही नीट सांगितलं नव्हतं. दादा सकाळी उचलून खुर्चीत बसवायचा, दवाखान्यात न्यायचा. ते म्हणाले, "त्याच्या तोंडावर चोरी उघडी केली तर उद्या मला उचलायला तो त्याच हातांनी येईल का? चिमी लांब राहते. ती सोसेल."

मी हो म्हटलं. चिमे, मी हो म्हटलं. मलाही याच घरात राहायचं होतं.

तुला टेबलापाशी बोलावलं नाही ते रागाने नाही. तुझ्याकडे बघवत नव्हतं त्यांना. तुझी पत्रं मीच वाचून दाखवायची. तू पत्रात माफी मागितलीस की ते म्हणायचे, पुढचं वाच.

चिठ्ठी हरवली नव्हती, माझ्या औषधांच्या डब्यात होती. माझ्यामागून तिला दे असं म्हणून त्यांनी माझ्याकडे दिली होती. ते गेल्यावर नाणं तुझ्याकडे पाठवायला मीच दादाला सांगितलं. चिठ्ठी पाठवायचा धीर झाला नाही, कारण तू विचारलं असतंस. सोबत ठेवली आहे.

रागाव, पण ये.

आई

(सोबतची चिठ्ठी, खाकी कागद. वरच्या ओळी सरळ, निळ्या शाईत:
"शुद्ध ॲसिटोन, तीन वेळा. थोडा डिंक निघाला. काळेपणा गेला नाही. तो याचा स्वतःचा."
खालच्या ओळी कापऱ्या हाताच्या:
"चाकावर घासलं गेलं आहे. खाचेत लाल पॉलिश. वर काळा लाखरंग. थोरल्याचं काम. धाकटीच्या रिमूव्हरने फक्त लाखरंग निघाला. तिची चूक नाही.")


९ एप्रिल

दादा,

आईला पत्र लिहायला बसले, पण "आई" या शब्दापुढे पेन गेलं नाही. म्हणून तुला लिहिते आहे. तिला वाचून दाखवायचं की नाही ते तू ठरव. बाबांना पत्रं वाचून दाखवायची सवय तुमच्या घरात आहेच.

गंमत बघ. महिनाभर मी तुझ्यावर दातओठ खात होते आणि आता तुझ्यावरचा राग मला सोपा वाटतो. तू घाबरट निघालास. घाबरून माणूस काय काय करतो ते मला समजतं, तो दहा सेकंदांचा घोळ तू चार वर्षं झाकत राहिलास. मी तुला इतक्यात माफ करणार नाही, पण तुझ्याशी भांडायला मला तोंड आहे. त्यांच्याशी कसं भांडू? ते घाबरले नव्हते. त्यांनी खिडकीशी नेऊन, भिंगातून बघून, नीट विचार करून मला निवडलं. ती सोसेल म्हणून. मी सोसलंही, म्हणजे त्यांचा अंदाजही बरोबर निघाला. दादा, त्यांनी कागदाला खरं सांगितलं आणि मला नाही. माझी माफी ऐकून ते "पुढचं वाच" म्हणायचे हे मी रोज नखं कापताना आठवते, आणि परवा एका गिऱ्हाइकाचं बोट कापलं.

तरी नाणं प्रदर्शनात दिलं. बाईंना मी सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, नक्की? खराब झालेलं नाणं आहे, नाही दिलं तरी चालेल. मी म्हटलं, चिठ्ठीसकट ठेवा. बगळा आहे तसा आहे, चकचकीत, पिसं गेलेला, आणि शेजारी खाकी कागद, दोन्ही नोंदींसकट. तुझं नाव त्यात नाही, थोरला एवढंच आहे. माझंही नाही.

कार्ड भरताना बाईंनी संग्राहकाचं नाव विचारलं, ते मी पूर्ण सांगितलं, त्यांच्या वडिलांच्या नावासकट. मग देणाऱ्याचं नाव. मग "संग्राहकाशी नातं" असा एक रकाना होता. त्यांनी पेन धरून वाट बघितली. मी म्हटलं, तो रिकामा राहू द्या. त्यांनी राहू दिला.

काल पहिला दिवस होता. मी पार्लरमधून अर्धा तास सुट्टी काढून गेले. आमच्या काचेपुढे एक म्हातारे गृहस्थ उभे होते, बायकोला चष्मा नव्हता म्हणून तिला वाचून दाखवत होते. वरच्या ओळी भराभर वाचल्या. खालचं अक्षर कापरं, म्हणून हळूहळू, एकेक शब्द लावत. "धाकटीच्या रिमूव्हरने फक्त लाखरंग निघाला. तिची चूक नाही." बायकोने विचारलं, कोणाची? ते म्हणाले, असेल कोणी घरातली.

मी त्यांच्या मागेच उभी होते. हे वाक्य मी पाठ केलं आहे, उशाशी ठेवून वाचलं आहे, पण कोणाच्या तोंडून ते मी काल पहिल्यांदा ऐकलं. त्या गृहस्थांना मी ओळखत नव्हते.

चिमी